पाच रेघा

लग्न होऊन मी साताऱ्याहून तिरुवैयारुला आले, त्याला आता ४० वर्षे होतील. सासर तंजावरी मराठी. घरात जुन्या वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ. शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा नणंदेचा मुलगा म्हणाला, ''मामी, मी लाद्यांचा कारखाना काढतोय. बोधचिन्ह तुम्हीच काढायचे.''

मी हौसेने ऐयारप्पर मंदिराचे गोपूर रेखाटले. सगळ्यांना आवडले. सासूबाई मात्र म्हणाल्या, ''लादीवर गोपूर? त्यावर पाय द्यायचा?''

''आजी, ते लादीच्या पाठीवर असते.''

''म्हणजे सिमेंटात गाडायचे! आणि खोका उकिरड्यावरच जाणार ना?''

मला राग आला, पण रात्री पटले. पुढे कळले, कायदाही त्यांच्याच बाजूचा. धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असेल, तर १९९९ च्या कायद्यानुसार ते व्यापारचिन्ह नोंदवता येत नाही.

तिरुवैयारु म्हणजे पवित्र पाच नद्यांचे गाव. म्हणून पाच लाटा काढल्या. कागदावर सुरेख दिसल्या. खोक्यावर अंगठ्याएवढ्या छापल्या, तर नुसता डाग!

तेव्हा गट्टू आठवला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला, हाती ब्रश घेतलेला खट्याळ मुलगा. २००२ मध्ये कंपनीने त्याला निरोप दिला. पण माझ्या माहेरी वाचता न येणारेही 'त्या पोराचा डबा' मागत. चिन्ह खरे तर अशांसाठीच असते.

शेजारी घराचे काम चालू होते. गवंडी उत्तरेकडचा, तमिळ अक्षर न येणारा. मोडक्या हिंदीत विचारले, ''लादी हातात घेतल्यावर आधी काय बघता?'' त्याने लादी उलटी करून पाठीवरचा बाण दाखवला. सगळे बाण एका दिशेला ठेवले, तरच नक्षी जुळते.

मला उत्तर मिळाले. नदीलाही दिशा असतेच की! लाटा पुसल्या आणि पाच जाड, सरळ रेघा एका टोकाला आणून मिळवल्या. नद्याही त्याच, बाणही तोच.

भाच्याने पहिली लादी सासूबाईंच्या हाती दिली. त्यांनी बोट फिरवून रेघा मोजल्या. मी धास्तावून विचारले, ''नदीवर पाय पडला तर चालेल ना?''

त्या हसल्या. ''अगं, कावेरीत आपण पाय घालूनच उतरतो.''