ट्रामचा डेपो आणि शब्दांवांचून संगीत

ग्लासगोच्या मध्यवर्ती स्थानकावरून दक्षिणेकडील उपनगरांच्या आगगाडींत बसलें, कीं अवघ्या कांहीं मिनिटांत पोलकशील्ड्स ईस्ट हें लहानसें स्थानक येतें. तेथें उतरून अल्बर्ट ड्राइव्हवर आलें, कीं एक लांबलचक, जुनाट इमारत दृष्टीस पडते. ग्लासगोस देखण्या वास्तूंची वाण नाहीं. विश्वविद्यालयाचा मनोरा आहे, प्राचीन कॅथेड्रल आहे, आणि प्रवासी बहुधा तिकडेच वळतात. परंतु ज्यांचे चिरंजीव किंवा कन्या शिक्षणानिमित्त त्या शहरीं आहेत, त्यांनीं भेटीस गेल्यावर एक सकाळ या इमारतीसाठीं अवश्य राखून ठेवावी. तिचें नांव 'ट्रामवे'.

१८९३ सालीं ही इमारत ट्रामगाड्यांचा डेपो म्हणून उभी राहिली. आरंभीं गाड्यांना घोडे जुंपीत. पुढें वीज आली. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं शहराच्या ट्रामगाड्यांची अखेरची मिरवणूक निघाली. त्यानंतर येथें वाहनांचें संग्रहालय होतें. तेंहि १९८७ सालीं दुसरीकडे गेलें, आणि ही रिकामी वास्तु पाडली जाते कीं काय, अशी वेळ आली. तिला वांचविलें कोणीं, हें ऐकून वाचकांस मौज वाटेल. पीटर ब्रूक या नाट्यदिग्दर्शकानें आपल्या नऊ तासांच्या 'महाभारत' नाटकासाठीं ब्रिटनमधील सर्व नाट्यगृहें सोडून हा डेपो पसंत केला आणि १९८८ सालीं येथें प्रयोग केले. द्रौपदीची भूमिका मल्लिका साराभाई यांची होती. त्या नाटकावर हिंदुस्थानांत पुष्कळ टीका झाली, आणि ती सर्वस्वीं अनाठायीं होती असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि कुरुक्षेत्राच्या कथेनें स्कॉटलंडांतील एका ट्रामडेपोस जीवदान दिलें, एवढें श्रेय तिला द्यावयासच हवें. तेव्हांपासून ती कलामंदिर झाली. मोठ्या दालनाच्या फरशींत ट्रामचे रूळ आजहि तसेच आहेत.

याच इमारतींत फेब्रुवारी २०२१ मध्यें एक विलक्षण जलसा लोकांपुढें आला. 'मोग्वाय' हा ग्लासगोचा वाद्यवृंद. १९९५ सालीं तो स्थापन झाला. एका इंग्रजी चित्रपटांतील लहानग्या प्राण्याचें नांव मंडळींनीं तात्पुरतें म्हणून उचललें, आणि तेंच कायम झालें. कँटनच्या बोलींत त्याचा अर्थ म्हणे पिशाच्च! स्टुअर्ट ब्रेथवेट गिटार वाजवितात, डॉमिनिक एचिसन यांच्याकडे खर्जाची गिटार, मार्टिन बुलक यांच्याकडे ढोल आणि बॅरी बर्न्स यांच्याकडे पियानो वगैरे. गाणारा, म्हणावा तर, कोणीच नाहीं. क्वचित् एखादा आवाज ऐकूं येतो, पण तोहि वाद्यांच्या लाटांत बुडालेला. या जातीच्या संगीतास सायमन रेनल्ड्स या समीक्षकानें १९९४ च्या सुमारास 'पोस्ट-रॉक' हें नांव रूढ केलें. वाद्यें रॉकचींच, परंतु तीं चाल धरण्याऐवजीं नादाचे थर रचावयास वापरावयाचीं, हें त्याचें मर्म.

आपल्या घरांतून गाणें म्हटलें, कीं प्रथम कंठ. वादकाचीहि स्तुति करावयाची, तर त्याचें वाद्य 'गातें' असें आपण म्हणतों. मोग्वायचें वाद्य गात नाहीं. १९९७ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटीं सोळा मिनिटांची एक रचना आहे. गिटारचे थोडेसेच स्वर पुनःपुन्हां येतात, ढोल वाढत जातो, मग सारें इतकें मंदावतें कीं संपलेंच असें वाटावें; आणि अकस्मात् नादाचा लोट अंगावर येतो. आमच्या मतें ही सोळा मिनिटें एकाग्रतेनें ऐकणें हेंच त्या संगीताचें खरें प्रवेशद्वार होय. रचनांचीं शीर्षकें मात्र मनावर घेऊं नयेत. तीं बव्हंशीं मंडळींच्या आपसांतील थट्टा आहेत.

असें संगीत श्रोत्यांच्या छातींत दुमदुमण्यासाठीं असतें. आणि २०२१ च्या त्या फेब्रुवारींत महामारीमुळें सर्व सभागृहांना कुलपें होतीं. दौरे बंद, म्हणजे वादकांची मिळकत बंद. नवी ध्वनिमुद्रिकाहि तशाच अडचणींत तयार झालेली: वादक इंग्लंडांत, तर निर्माते डेव्ह फ्रिडमन अमेरिकेंत बसून दूरसंचाराच्या साह्यानें सूचना देत. ती प्रसिद्ध होण्याच्या सहा दिवस आधीं ट्रामवेच्या रिकाम्या दालनांत केलेलें तिचें वादन इंटरनेटवरून जगभर दाखविण्यांत आलें. वादन संपलें, कीं टाळी नाहीं. पुढच्या आठवड्यांत ती ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत पहिली आली. सव्वीस वर्षांच्या कारकीर्दींत प्रथमच. गाणारा नसलेल्या, चार प्रौढ गृहस्थांच्या वाद्यवृंदास हा मान मिळेल, असें भाकीत फारसें कोणीं केलें नसतें.

दालनें पुन्हां उघडल्यावर त्यांचे दौरे सुरू झाले. त्यांच्या आगामी जलशाची जाहिरात दिसली, तर तरुण मंडळींबरोबर वडिलांनींहि जावें. शक्य तर तो ग्लासगोच्या बाजारपेठेंतील बॅरोलँड या जुन्या नृत्यगृहांत ऐकावा. १९५८ सालीं तें आगींत जळालें आणि १९६० सालीं पुन्हां उभें राहिलें. तेथें बहुतेक मंडळी उभ्यानेंच ऐकतात, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनीं आधीं बसण्याच्या सोयीची चौकशी करावी. आणि सोबत कानांत घालावयाचे बोळे असूं द्यावेत. यांत भित्रेपणा नाहीं. नेहमीं जाणारे श्रोतेहि ते घेऊन जातात.