कॉपी

मागच्या अंकात माझ्या नावाने ‘पावसाळा’ हा निबंध लागला होता. आईने तो शेजारच्या काकूंनाही आणून दाखवला. पण तो मी गाईडातून उतरवला होता. बाईंनी ओळखलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “कॉपी शब्दाचे अर्थ शोधून आण.”

परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिणं म्हणजे कॉपी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोणंदच्या बाजारात कांदा विकून दादा पट्टी आणतात, तिची झेरॉक्स म्हणजेही कॉपी. पुस्तकाच्या हजार कॉप्या म्हणजे हजार प्रती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. ते वर्तमानपत्रही छापील प्रतींतूनच वाचकांकडे गेले.

मग बाईंनी आणखी एक अर्थ सांगितला. लेखक छापखान्यात जो मूळ मजकूर देतो, त्यालाही कॉपीच म्हणतात. मला नवल वाटलं. नक्कल पण कॉपी आणि अस्सल पण कॉपी!

आपल्या भित्तिपत्रकाची प्रत एकच, ती या भिंतीवर. म्हणून इथेच सांगते, मागचा निबंध माझा नव्हता. हा माझा आहे. आई, आज काकूंना हा दाखव.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी