माझ्या मापाची आर-वन-फाइव्ह

मी साताऱ्यात राहते आणि वाईच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. हायवेने पाचवड, तिथून आत वळून वाई, हा रोजचा रस्ता. सुट्टी मिळाली की यवतेश्वरचा घाट चढून कास, नाहीतर मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर. उंची पाच फूट दोन इंच, आणि हात उंचीच्या मानानेही लहान. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नव्या गाडीला काय लावायचं आणि काय नाही, याचे माझे सगळे निर्णय यावरूनच ठरले.

गाडी यामाहा आर-वन-फाइव्ह, व्ही-फोर. १५५ सीसीचं इंजिन, १८.४ पीएस ताकद, दोन्ही चाकांना एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, आणि सीटची उंची ८१५ मिलिमीटर. बुकिंग झाल्याचं कळलं आणि ज्याने त्याने आपापली यादी माझ्या हातात ठेवली. अकरावीच्या मुलांच्या यादीत पहिलं नाव सायलेन्सरचं. धाकट्या भावाला क्रॅश गार्ड आणि रुंद टायर हवा होता. शोरूममध्ये सीट कव्हरपासून कोटिंगपर्यंत छापील दरपत्रक होतं. मी पस्तीस हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यापुढे जायचं नाही हे पक्कं होतं. मग माझ्यापुरता एक क्रम लावला: अंगावरच्या वस्तू गाडी ताब्यात येण्याआधी, गाडीवरच्या वस्तू पहिल्या सर्व्हिसिंगनंतर. हजारभर किलोमीटर चालवल्याशिवाय आपल्याला नेमकं कुठे टोचतंय हे कळत नाही आणि ते कळल्याशिवाय घेतलेली वस्तू फार तर शोभेची असते.

पस्तीसपैकी सत्तावीस हजार अंगावरच्या वस्तूंना गेले. घरी हा आकडा ऐकून आई गप्प झाली होती. तिला मी आपल्या रस्त्याबद्दल सांगितलं. गळिताच्या हंगामात भुईंज-पाचवडच्या टापूत अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात, कधी कडेला उभ्या असतात. मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. उसाची मोळी सुटून रस्त्यावर पसरलेली असते, टायरला चिकटून आलेली शेतातली माती डांबरावर सांडलेली असते. अशा रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडीसुद्धा घसरू शकते, आणि घसरली तर पहिला मार कोपर, गुडघा आणि तळहात खातात.

हेल्मेटला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, म्हणजे आयएस ४१५१ हे मानक. मी त्याच्या जोडीला युरोपचं ईसीई २२.०६ मानक असलेलं घेतलं, कारण त्यात तिरक्या बसणाऱ्या आणि डोक्याला पीळ देणाऱ्या आघाताचीही चाचणी आहे. पण शिक्क्यापेक्षा माप मोठं. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून टेप डोक्याभोवती फिरवायची, आकडा घ्यायचा, आणि मग हेल्मेट घालून दुकानातच वीस मिनिटं बसायचं. कपाळावर एका जागी दुखायला लागलं तर तो आकार आपल्या डोक्याचा नाही. लांब केसांच्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही: अंबाडा घालून हेल्मेट बघायचं नाही. अंबाड्यामुळे मागून जागा अडते, आपण एक माप मोठं घेतो, आणि केस मोकळे केले की तेच हेल्मेट डोक्यावर फिरतं. मानेपाशी सैल वेणी घालून बघायचं. माझ्या गालाचे पॅड जाड लागले, ते बदलून मिळाले.

हेल्मेटसोबत पिनलॉक घेतलं. काचेच्या आत बसणारी ही पातळ पारदर्शक चकती असते. तिच्या आणि मूळ काचेच्या मध्ये हवेचा थर अडकतो, त्यामुळे आतली बाजू थंड होत नाही आणि श्वासाची वाफ काचेवर धरत नाही. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असतात. तिथे काच बंद ठेवली तर वाफ आत, उघडली तर पाऊस डोळ्यांत. पुष्कळ जण घाटातल्या धुक्यावर उपाय म्हणून गाडीला प्रखर पांढरे एलईडी लावतात. धुक्यात पांढरा झोत पाण्याच्या कणांवरून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोरच्यालाही आंधळं करतो. त्यासाठी गाडीची वायरिंग कापायची, वॉरंटीचा प्रश्न ओढवून घ्यायचा, हे मला पटलं नाही. पिनलॉक त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळालं आणि मला रस्ता दिसू लागला.

जॅकेटची गोष्ट मात्र मनाला लागणारी आहे. पुण्यात दुकानात गेले तर पुरुषांच्या मापांची रांग लागलेली. सर्वांत लहान माप घालून बघितलं. खांदे ठीक बसले, बाह्या हातभर लांब. हात हँडलवर असल्यासारखे पुढे केले आणि कोपर चाचपलं. आतलं संरक्षक पॅड कोपरावरून सरकून मनगटाच्या दिशेला निम्म्यावर गेलं होतं. कोपराचं हाड पूर्ण उघडं. त्या पॅडवर सीई लेव्हल २ असं छापलेलं होतं. लेव्हल २ म्हणजे ठरावीक आघात झाल्यावर पॅडमधून आरपार जाणारा सरासरी जोर २० किलोन्यूटनच्या आत, लेव्हल १ ला ही मर्यादा ३५. आकडा खरा, पण पॅड हाडावर असेल तरच. जागेवर बसणारं लेव्हल १ हे सरकणाऱ्या लेव्हल २ पेक्षा चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी बायकांच्या मापाचं जॅकेट ऑनलाइन मागवलं, दंडाला आणि मनगटाला आवळायचे पट्टे असलेलं, आणि पाठीच्या फोमच्या तुकड्याच्या जागी वेगळं पाठीचं पॅड घेतलं. बहुतेक जॅकेटांत पाठीला नुसता स्पंज येतो, हे घेण्याआधी चेन उघडून बघा.

ग्लोव्हजचं तेच. बोटाच्या टोकाला अर्धा इंच रिकामं कापड राहिलं की क्लच आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. तळहाताच्या मुळाशी घसरपट्टीसारखा कडक तुकडा असलेले, बोटांना घट्ट बसणारे मिळेपर्यंत मी थांबले. आणि बूट: घोट्याला दोन्ही बाजूंनी कवच असलेले, जाड तळाचे.

या जाड तळाने एक मोठा प्रश्न सोडवला. ८१५ मिलिमीटरच्या सीटवर माझे दोन्ही पाय फक्त चवड्यांवर टेकत होते. सगळ्यांनी एकच उपाय सांगितला, लोअरिंग लिंक टाकून गाडी खाली घे. मागच्या सस्पेन्शनची कडी बदलली की गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते हे खरं. पण त्याने मागची बाजू बसते, पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, वळताना गाडी जड होते. ग्राउंड क्लिअरन्स मुळात १७० मिलिमीटर, आणि आपल्याकडचे रंग न मारलेले गतिरोधक माहीतच आहेत. शिवाय साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, त्यामुळे गाडी जवळजवळ उभी राहते आणि जरा उतार असला की पलीकडे कलंडते. मी गाडी तशीच ठेवली. बुटाच्या तळाने दीड-दोन सेंटिमीटर दिले, उरलेलं शिकून घेतलं: थांबायच्या आधी सीटवरून किंचित डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर.

गाडी आली, पहिली सर्व्हिसिंग झाली आणि तोवर टोचणाऱ्या दोन जागा कळल्या होत्या.

पहिली मनगटं. या जातीच्या गाडीत हँडल खाली आणि पाय मागे, त्यामुळे वरच्या अंगाचा भार हातांवर येतो. वाईला पोचेपर्यंत तळवे बधिर व्हायचे. हँडल वर उचलायचे तुकडे मिळतात, पण मी आधी टाकीच्या दोन्ही बाजूंना खरबरीत रबराचे टँक ग्रिप चिकटवले. मांड्यांनी टाकी धरली की भार कमरेवर आणि पायांवर जातो, हात मोकळे राहतात. गुळगुळीत रंगावर जीन्स घसरते, म्हणून आपण नकळत हातांनी स्वतःला तोलतो. बाराशे रुपयांच्या या रबराने माझा रोजचा प्रवास बदलला. ब्रेक मारतानाही अंग पुढे जात नाही. या गाडीला एकच वस्तू लावायची असेल तर मी हीच सांगेन.

दुसरी जागा पुढच्या ब्रेकची लिव्हर. माझी बोटं तिच्यापर्यंत टोकांनीच पोचत होती. अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हर बाजारात ढिगाने आहेत, लाल, निळ्या, सोनेरी. मी एक जोडी घेऊन पोवई नाक्याजवळच्या गॅरेजात गेले. तिथल्या काकांनी ब्रेकची लिव्हर बसवली, गाडीचं पुढचं चाक स्टँडवर उचललं आणि अधांतरी झालेलं ते चाक हाताने फिरवलं. चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं. लिव्हर सोडलेली होती.

“मॅडम, कान द्या,” ते म्हणाले. पॅड डिस्कला घासत असल्याची बारीक खरखर येत होती. मग त्यांनी जुनी लिव्हर शेजारी धरली. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला दाबणारं तिचं नाक आणि नव्या लिव्हरचं नाक यांत नखाएवढा फरक होता. नवीचं नाक पुढे आलेलं, म्हणून हात काढला तरी ती पिस्टनला किंचित दाबूनच ठेवत होती. त्याने ऑइल परत जायची बारीक वाट बंद राहते. पॅड घासत राहतात, ऑइल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो, आणि घाटात उतरताना पुढचं चाक जाम होऊ शकतं. “लिव्हर धरल्यावर आधी थोडी मोकळी हलली पायजे, मग ब्रेक लागला पायजे. हलत नसली तर घेऊच नका.” ती जोडी परत केली. नेमक्या याच मॉडेलसाठी बनवलेली घेतली, तिच्यावरही चाक फिरवून बघितलं, ते आवाज न करता फिरत राहिलं. मग टोकाला गोल बोंड आहे ना हे पाहिलं. ते नसेल तर पडल्यावर लिव्हर सुरीसारखी लागू शकते.

गाडीच्या संरक्षणासाठी क्रॅश गार्डऐवजी फ्रेम स्लायडर घेतले, फेअरिंग न कापता बसणारे. बस, एवढंच.

रुंद टायरची मागणी भावाने बरेच दिवस लावून धरली होती. मागे मूळ १४०/७० आहे. त्याच रिमवर १५० चढवला तर टायर कडांनी आवळला जातो, त्याचा घुमट उंच होतो आणि डांबराला टेकणारा भाग कंपनीने ठरवलेला राहत नाही. त्यात ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करून चालतं, एका चाकाचा घेर बदलला की ती तुलनाच बिघडते. फळ्यावर आकृती काढून दाखवल्यावर त्याने विषय सोडला. नव्या टायरलाही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपायचं असतं, तेव्हा त्याचा वरचा गुळगुळीत थर निघालेला नसतो.

सायलेन्सरबद्दल मी वर्गातच बोलले, आणि मनापासून बोलले. आपल्याकडे ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. डेसिबलचं माप लॉगॅरिदमचं, दहाने वाढलं की ध्वनीची तीव्रता दहापट. बीएस-सिक्स गाडीच्या सायलेन्सर प्रणालीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सगळा साज उतरवून नळकांडं बसवलं तर विषारी धूर वाढतो, पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडतं आणि ताकद वाढेलच असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नियमाबाहेरच्या फेरबदलाला मनाई आहे, दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पोलीस असे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात हे मुलांनी बातम्यांत पाहिलेलं होतं. माझ्या गल्लीत एक आजोबा हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी झोपून आहेत. मला दंडापेक्षा ते जास्त महत्त्वाचे वाटतात, हेही सांगितलं.

ॲक्सेसरीच्या दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, “ताई, साडीगार्ड काढून देऊ? लूक भारी येतो.” मी नको म्हटलं. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे. माझ्या मागे स्टाफरूममधल्या बाई साडी नेसून बसतात, मुली ओढणी घेऊन बसतात. चेनमध्ये पदर अडकला तर विचार करायला क्षणही मिळत नाही. आरसेही तसेच आहेत, नंबर प्लेटही जागेवर.

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या दुकानदारांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे स्पोर्ट बाइक चालवणाऱ्या मुली आता येतात. त्यांच्या मापाची जॅकेट आणि ग्लोव्हज दोन-चार तरी दुकानात ठेवा. ऑनलाइन मागवून, परत पाठवून, पुन्हा मागवण्यात महिना जातो आणि त्या महिन्यात मुली उघड्या हातांनी गाडी चालवतात. पॅड कोपरावर बसतंय की नाही हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि घालून बघायला ते दुकानात असावं लागतं.