मक्तेदारी नेमकी कोणाची होती?

परवा एका ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "ऑर्डनन्सवाल्यांना आता कळेल स्पर्धा काय असते!" माझं हिंगणा एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. माझ्यापेक्षा दोन रुपये कमी कोटेशन देणारा दर महिन्याला कोणी ना कोणी निघतोच. म्हणजे स्पर्धा मला माहीत आहे. तरी ते वाक्य खटकलं.

ऑक्टोबर २०२१ पर्यंत देशातले ४१ ऑर्डनन्स कारखाने म्हणजे सरळसरळ सरकारी खातं. लष्कराने मागणी नोंदवायची, कारखान्याने माल द्यायचा, झालेल्या खर्चावरून किंमत लागायची. ओव्हरटाइम, रिजेक्शन सगळं किंमतीत. गिऱ्हाईक पळायची भीतीच नाही! असा धंदा मिळाला असता तर मीही सुस्तावलो असतो. दर्जा आणि उशीर यांबद्दल कॅगने वर्षानुवर्षं लिहिलंय, ते काही उगाच नाही.

स्पर्धेचा फायदाही आपल्या नागपुरातच दिसला. लष्कराकडे हातगोळा होता महायुद्धाच्या काळातल्या बनावटीचा. नवा डीआरडीओने डिझाइन केला आणि २०२० मध्ये १० लाख नगांची ऑर्डर मिळाली इथल्या खाजगी कंपनीला. माल चांगला असेल तर मिळायलाच हवी.

पण विकणारा एक, तसा घेणाराही मुख्यतः एकच होता ना? काय बनवायचं, किती बनवायचं, सगळं वरून ठरणार. मग मक्तेदारी कारखान्याची म्हणायची की मालकाची?

आता ७ कंपन्या झाल्या. अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडियात गेला, मुख्यालयही इथेच. मालक अजूनही सरकारच. यापुढे टेंडर भरा आणि एल-वन या, म्हणजे सगळ्यात कमी दर द्या.

इथे माझ्या धंद्यातला हिशोब सांगतो. एक मशीन दोन महिने रिकामं राहिलं की बँकेचा हप्ता अंगावर येतो, मी ते विकून मोकळा होतो. तोफगोळ्याच्या कारखान्याला ही सोय नाही. शांततेत लाइन अर्धी रिकामी, आणि युद्ध लागलं की तिन्ही पाळ्या ताबडतोब सुरू व्हायला हव्यात. त्यासाठी मशीन हवं, आणि ते चालवणारा जुना हातही हवा. तो काही बाजारात भाड्याने मिळत नाही. हा खर्च खाजगी कंपनी खिशातून करणार नाही, आणि तिने का करावा? पण मग सरकारी कारखान्याने तरी एल-वनच्या दरात तो कुठे बसवायचा?

लाइन तयार ठेवण्याचे पैसे टेंडरमध्ये वेगळे लिहा, जो कोणी तयार ठेवील त्याला द्या. मग खुशाल लावा स्पर्धा. वाडी-डिफेन्सच्या कामगारांचीही तिला ना नसेल असं मला वाटतं. तिकडचे कोणी वाचत असाल तर कमेंटमध्ये सांगा.