टाकीचं झाकण

1992-93 च्या दंगलीनंतर आम्ही मीरा रोडला आलो. कुणी जोगेश्वरीहून, कुणी भायखळ्याहून. मूळ गाव कुणाचं श्रीवर्धन, कुणाचं महाड. मिठागरांच्या बाजूला भराव घालून उठलेल्या चार मजली इमारतीत आम्हाला घरं मिळाली. घर घेताना आम्ही विचारलं, पाणी किती वेळ येतं, मशीद किती लांब आहे. वापरलेलं पाणी कुठं जातं, हे कुणीच विचारलं नाही.

ते इमारतीमागच्या सेप्टिक टाकीत जात होतं. टाकीत मैला तळाशी बसतो, तेल-चरबीची साय वर तरंगते आणि मधलं पाणी तेवढं पुढच्या कप्प्यातून बाहेर पडतं. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. आम्ही नऊ वर्षं झाकण उघडलं नव्हतं. मीटिंगमध्ये विषय निघे आणि खर्चाचा आकडा ऐकून पुढच्या मीटिंगवर जाई. दरम्यान गेटवरच्या कमानीला मात्र वर्गणी जमली.

2019 ची बकरी ईद 12 ऑगस्टला, भर पावसाळ्यात आली. आमची जमीन खाडीकाठची. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, भरतीच्या वेळी गटारं तुंबतात. मग टाकीतल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. त्यात घराघरांतलं चरबीचं पाणी आणि देगांचं तेल मोरीत ओतलं गेलं. आमच्या मोऱ्यांचं पाणीही त्याच टाकीत जाई. चरबी गरम असताना वाहते, पाईपात गार झाली की साबणासारखी घट्ट बसते. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या खालांच्या संडासातून मैला उलटा वर आला. वजू कुठं करावा, जानमाज कुठं अंथरावी, त्यांना कळेना. वरच्या मजल्यांवर आम्ही फ्लश ओढतच होतो. आमच्याकडे काही तुंबलं नव्हतं.

टाकी उपसणारी गाडी दोन दिवसांनी मिळणार होती. एवढा धीर आम्हाला नव्हता. कुणीतरी दोन माणसं आणली. त्यातला तरुण म्हणाला, "शेठ, क्वार्टरचे पैसे आधी द्या. शुद्धीत आत उतरवत नाही."

दारूचं नावही घरात न काढणारे आम्ही! आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी वर्गणीतून पैसे काढून दिले आणि वहीत लिहिलं, 'चहापाणी'. आम्ही सगळे तिथं उभे होतो. कुणी हरकत घेतली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात ठाण्याच्या ढोकाळीत एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार मेले होते. पेपरात वाचून आम्ही 'इन्ना लिल्लाह' म्हटलं होतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही आमच्यातल्या शिकलेल्यांना ठाऊक होतं. टाकीतल्या वायूला सडक्या अंड्यांचा वास असतो. पण तो वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, धोका टळला.

तो शिडीवरून छातीपर्यंत उतरला आणि त्याचे हात सुटले. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आलं. तो दोर बांधायला लावला होता खालांनी, ज्यांच्या घरात मैला आला होता. अंगणात ओकून ओकून तो शुद्धीवर आला. खालांनी त्याचं तोंड धुतलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "पैसे कापणार का?"

दोन दिवसांनी गाडी आली आणि टाकी उपसून गेली. आम्ही थांबू शकलो असतो.

त्यानंतर काही नियम झाले. चरबी कागदाने पुसून कचऱ्यात टाकायची, मोरीत नाही. डायपर, पॅड, कापडाच्या चिंध्या संडासात टाकायच्या नाहीत. वासाचा पाईप मोकळा ठेवायचा, त्याच्या तोंडाला जाळी लावायची. तळमजल्यावर पाणी चढलं की वरच्यांनी नळ आणि फ्लश बंद करायचे. पावसाळ्याआधी टाकी बघायची.

तरी उपसण्याचा खर्च पुन्हा लांबू लागला. मग 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या घरच्यांना 30 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ही बातमी मीटिंगमध्ये वाचून दाखवली गेली आणि गाडीच्या खर्चाला एकमताने मंजुरी मिळाली. खाला म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पैशाची भीती घालावी लागली."

कुणी उत्तर दिलं नाही.

पाकी हा ईमानचा निम्मा हिस्सा, असं आम्ही मुलांना शिकवतो. वजूचं पाणी कुठून कुठपर्यंत पोचलं पाहिजे, हेही शिकवतो. पुढं ते पाणी कुठं जातं, तिथं कोण उतरतं, हे शिकवायचं राहून गेलं होतं. परवा जुन्या वह्या नीट लिहून काढायच्या ठरल्या, तेव्हा 'चहापाणी' या ओळीचं काय करायचं असा प्रश्न आला. ती खोडून तिथं 'दारू' लिहावं, असं आम्ही ठरवलं. शेजारी त्या मुलाचं नाव लिहायचं होतं. ते आमच्यापैकी कुणालाच आठवेना.