पुरून उरणे

बायबलच्या नव्या करारात ‘पेरिस्सेवो’ असं एक ग्रीक क्रियापद वारंवार येतं. कोश त्याचा अर्थ विपुल असणे, ओसंडणे असा देतात. मराठी माणसाला मात्र तो खरा कळतो ‘पुरून उरणे’ म्हटल्यावर. पाच भाकरी आणि दोन मासे हजारोंच्या पंगतीत वाटले गेले, सगळे पोटभर जेवले आणि तरी तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. त्या उरलेल्या तुकड्यांसाठी मत्तय आणि योहान दोघांनीही हेच क्रियापद वापरलं आहे. योहानाने तर आणखी एक तपशील दिला आहे : काही वाया जाऊ नये म्हणून तुकडे गोळा करा, असं येशू शिष्यांना बजावतो. मला या सूचनेचं फार अप्रूप वाटतं. ज्याच्या हातून एवढं अन्न निघालं, त्याला चार तुकड्यांची फिकीर कशाला असावी? पण त्याला ती आहे. सुबत्तेतही उष्ट्या-उरल्याची किंमत राखणारा असा यजमान विरळा.

हाच शब्द मार्काच्या शुभवर्तमानात अगदी निराळा वाजतो. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत भरभरून टाकतात, एक गरीब विधवा दोन दमड्या टाकते. श्रीमंतांनी दिलं ते त्यांना पुरून उरलेल्यातलं आणि तिने दिली ती तिची सगळी उपजीविका, असा येशूचा निवाडा आहे. म्हणजे टोपल्यांपाशी ज्या शब्दात आनंद आहे, त्याच शब्दाने दानपेटीपाशी मान खाली जाते.

अलिबागजवळच्या किहीमला हा शब्द मनात घोळतो, त्याला कारण आहे. इथून दक्षिणेला गेलं की नवगाव लागतं. बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, परंपरा सांगते की शेकडो वर्षांपूर्वी इथे त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं गावाजवळ पुरली. पोथ्या बुडाल्या, प्रार्थनेतले मोजके शब्द तोंडी राहिले. म्हणजे ही सगळी जमातच मुळी उरलेल्यांची. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून त्यांची आडनावं झाली : पेणकर, रोहेकर, नवगावकर. किहीमवरून झालं केहीमकर. भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले आणि जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

या लोकांचा जिव्हाळ्याचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी. नवस फेडताना, लग्नाच्या निमित्ताने किंवा नव्या घरात त्याच्या नावाने मलिदा करतात. मी तो जवळून पाहिला आहे. ताटात भिजवलेल्या पोह्यांची रास, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवतीने फळं मांडलेली. इब्री प्रार्थना संपेपर्यंत कुणी हात लावत नाही. मग प्रत्येकाच्या ओंजळीत वाटा पडतो. तिऱ्हाईत म्हणून गेलेल्या माझ्या ओंजळीतही तो पडला. खोबऱ्याच्या ओलाव्याने पोहे मऊ झाले होते.

याच एलियाहूची एक गोष्ट जुन्या करारात आहे. दुष्काळात तो सारफथच्या एका विधवेकडे भाकर मागतो. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल. ते आपल्या मुलाबरोबर खाऊन मरायचं, अशी तिची तयारी. तरी ती आधी पाहुण्याला करून वाढते, आणि पाऊस येईपर्यंत ना पीठ संपतं ना तेल आटतं. घाण्यावर जगलेल्या लोकांना ही तेलाची कुपी किती आपली वाटली असेल! इथे काही ओसंडत नाही, टोपल्याही भरत नाहीत. रोज पुरतं, एवढंच. मला टोपल्यांपेक्षा हे मडकं मोठं वाटतं, कारण ते भरलेल्या हातांनी नव्हे, रित्या होत चाललेल्या हातांनी उघडलं गेलं.

आज किहीमला नारळी-पोफळीच्या वाड्यांशेजारी मुंबईकरांचे बंगले उभे आहेत. त्यांतले कित्येक आठवड्याचे पाच दिवस कुलपात असतात. तिथली समृद्धी धन्याला पुरते. कुणाला पुरून उरते का, हे मात्र त्या कुलपांकडे बघून सांगता येत नाही.

याच गावाचं नाव आडनावात वागवणाऱ्या हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी मात्र मागे उरेल असं काही ठेवलं. त्यांनी मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी १८७५ साली शाळा काढली आणि १८९७ च्या सुमारास आपल्या जमातीचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९३७ साली तेल अवीवमध्ये तो पुस्तकरूपाने निघाला, आणि बेने इस्रायलींवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला अजून त्याचा आधार घ्यावा लागतो. किहीमला याल तेव्हा किनाऱ्यावरून परस्पर परतू नका. नवगावच्या त्या जुन्या दफनभूमीपर्यंत जा, आणि जमलं तर अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉगही बघून या.