हक्काचे नव्वद दिवस

खैरात आणि हक्क यांतला फरक पोट भरलेलं असताना कुणीही सांगू शकतो. घरातली कमाई एकदम थांबली की तोच फरक अवघड होऊन बसतो. अनेक खुद्दार घरं खैरात नको म्हणून हक्काच्या पैशालाही हात लावत नाहीत. आमच्या घरात २०२० साली या एकाच प्रश्नावर बरेच दिवस बोलणं चाललं होतं.

आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि अब्बा असे पाच जण. आमच्यापैकी एक नगरच्या नागापूर एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला, पगार महिना १२,०००. दुसरी घरी शिवणकाम करणारी. लग्नसराई आणि ईदच्या आधी हाताला उसंत नसायची. मार्चअखेर लॉकडाऊन लागलं आणि दोन्ही कमाया एकाच आठवड्यात बंद पडल्या. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा ठेकेदाराने निम्मीच माणसं घेतली. त्यांत आमचं नाव नव्हतं. पुढे त्याने फोन उचलणंही सोडलं.

त्या वर्षी रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला. मशिदीच्या कमिटीने दारोदार शिधा पोहोचवला. अब्बांनी आमच्या दारची पिशवी तशीच उचलून शेजारच्या बेवा खालांकडे नेऊन दिली. “आपण देणारे लोक आहोत,” एवढंच म्हणाले. आम्ही गप्प राहिलो, पण घरातला पिठाचा डबा त्यांनाही दिसत होता.

ऑगस्टमध्ये ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल कानावर आलं. ही योजना १ जुलै २०१८ पासूनची. विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली, तर त्याला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा बेकारी भत्ता मिळतो. आधी हा भत्ता सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के होता. २० ऑगस्ट २०२० च्या बैठकीत महामंडळाने तो ५० टक्के केला. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ज्यांचं काम गेलं, त्यांच्यासाठी अटीही सैल केल्या. पूर्वी ९० दिवस थांबावं लागे, ते ३० दिवसांवर आलं. सर्वांत मोठी सोय म्हणजे मालकामार्फत जाण्याची गरज राहिली नाही. कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज देता येऊ लागला. ज्यांचा ठेकेदार फोनच घेत नव्हता, त्यांच्यासाठी ही एक ओळ फार मोलाची होती.

अब्बा तयार नव्हते. “सरकारची खैरात,” म्हणाले. आम्ही जुनी पगाराची स्लिप त्यांच्यापुढे ठेवली. २०१९ च्या जुलैपासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जात होते, म्हणजे १२,००० वर ९० रुपये. मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ३९०. दर महिन्याला आमच्या नावावर ४८० रुपये जात होते. अब्बांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला. मग त्यांची दुसरी शंका आली, विम्याचा पैसा जायज आहे का? ही शंका आम्ही हसण्यावारी नेली नाही. मोहल्ल्यातल्या मौलानांकडे स्लिप घेऊन गेलो. ही कपात कायद्याने सक्तीची आहे की आपल्या मर्जीची, हे त्यांनी आधी विचारलं. सक्तीची आहे हे कळल्यावर घ्यायला हरकत नाही, असं सांगितलं. ज्यांच्या मनात असा प्रश्न असेल, त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावं. पण विचारावं, शंकेवरच थांबू नये.

अट अशी होती की विम्याला किमान दोन वर्षं झालेली हवीत. नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढंच. आमचे दिवस भरत होते. अडलं ते नावापाशी. ठेकेदाराने विमा नोंदीत आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं भरलं होतं, आधारवर वेगळं होतं. शेख, सय्यद, मोमीन अशा कितीतरी घरांत प्रत्येक कागदावर नावाचं रूप निराळं असतं. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागले आणि त्यात कित्येक आठवडे गेले.

पैसे थेट बँक खात्यात आले. मागच्या दोन वर्षांची कमाई ७३० दिवसांनी भागून सरासरी काढतात. आमचे दिवसाला साधारण ३९४ रुपये निघाले. निम्मे १९७, ९० दिवसांचे सुमारे १७,७५०. त्यातून थकलेलं भाडं दिलं, किराणा दुकानाची वही मिटवली आणि मोठ्या मुलीची फी भरली. पीएफची जमा मोडावी लागली नाही. अनेकांनी त्या काळात आधी पीएफच काढला. ती स्वतःची साठवण; एकदा काढली की म्हातारपणातली तेवढी कमी होते. विम्याचा भत्ता त्या साठवणीला धक्का लावत नाही, म्हणून आधी त्याची चौकशी करावी.

वाचक भगिनी-बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे. घरात कुणी कारखान्यात कामाला असेल, तर आजच त्याची पगाराची स्लिप पाहा. ईएसआय कापला जातो का, विमा क्रमांक कोणता, आधारशी नाव जुळतं का, खात्याचा नंबर बरोबर आहे का, हे नोकरी चालू असतानाच तपासा. दुरुस्ती तेव्हाच सोपी असते. योजनेचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू नियम शाखा कार्यालयात विचारून घ्या.

मशीद कमिट्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. शिधावाटप चालू राहावंच, त्यात मोठा सवाब आहे. त्याच टेबलाशेजारी फॉर्म भरून देणारी दोन शिकलेली मुलं बसवा. जो कामगार आपला हक्क वसूल करू शकतो त्याने तो केला, तर जकात आणि सदक्याची रक्कम त्या बेवा खालांसारख्यांसाठी उरेल, ज्यांच्या नावावर कोणतीही स्लिप नाही.